दुधाचे दात आणि रात्रीची बाटली

चि. सौ. धाकटीस,


बाळ सव्वा वर्षाचं झालं, आठ दात आले, पण दुधाची बाटली तोंडात दिल्याशिवाय झोपत नाही, असं तू कळवलंस. दात पुसायला गेलं की तोंड घट्ट मिटतं. त्यावर घरातल्यांचं म्हणणं, ‘दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत, कशाला जीव खातेस?’ हे वाक्य घरोघरी प्रेमानंच म्हटलं जातं, आणि त्यापायी कितीतरी मुलांचे दात वाया जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, हे खरंच. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचवीतलं मूल भाकरी चावतं ती बऱ्याच अंशी त्यांच्याच जोरावर. खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागाही त्याच राखतात. अशी दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि मागून येणाऱ्याला वाकडंतिकडं यावं लागतं. कीड आतल्या नसेपर्यंत गेली, की मूल एकाच बाजूनं चावतं, रात्री ठणक्यानं उठतं, हिरडीवर गळू येतं. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. म्हणजे बालवाडीच्या कुठल्याही वर्गात हा त्रास असणारी मुलं बसलेली असणार.

दातात किडा शिरतो ही समजूत फार जुनी आहे. धुरी देऊन किंवा कानात औषध घालून ‘किडे काढून दाखवणारे’ अजून भेटतात. फ्रान्सच्या पियेर फोशारनं १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही त्याला असा किडा दिसला नव्हता. खरा प्रकार वेगळा आहे. दातांवर जिवाणूंचा चिकट थर असतो. साखर मिळाली की हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातावरच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळवतं. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि खनिजं परत भरते, पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्यात मुलाच्या हातात पुन्हा बिस्किट दिलं, की लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली, हे आधी पाहायचं. याचा पुरावा स्वीडनमधल्या लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेतून आला. १९४५नंतर काही वर्षं तिथल्या मतिमंद रहिवाशांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे मात्र झपाट्यानं किडले. ज्यांना नीट संमती देता येत नव्हती अशा माणसांवर हा प्रयोग झाला, ही त्यातली अक्षम्य गोष्ट. पण जे कळलं ते निदान आपल्या मुलांच्या कामी यावं. सणाला जेवणात पोटभर पुरणपोळी खाल्ली, त्यानं होणारं नुकसान थोडं. दिवसभर चहात बुडवलेली बिस्किटं, चिक्कीचे तुकडे, रडू थांबवायला दिलेली गोळी आणि डब्यातला फळांचा रस, यांनी होणारं नुकसान मोठं. गोड औषधाचाही यात हिशेब धरावा आणि ते पाजल्यावर दात पुसून घ्यावेत.

आता रात्रीचं. झोपेत लाळ फार कमी सुटते. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या दातांभोवती दूध साचून राहतं आणि त्यात साखर घातलेली असेल तर विचारायलाच नको. खालचे पुढचे दात जिभेआड असतात, त्यामुळे ते बहुधा बचावतात. वरचे चार मात्र आधी जातात.

उद्या सकाळी उजेडात बाळाचा वरचा ओठ बोटानं अलगद उचलून बघ. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण. या टप्प्यावर दात अजून सावरतो. तपकिरी खड्डा पडला की घरचे उपाय संपले.

बाटली एकदम हिसकावू नकोस. आठवडाभर रोज दूध थोडं थोडं पातळ करत जा, शेवटी नुसतं पाणी राहू दे. दूध जागेपणी पेल्यानं पाजायचं, मग ब्रश, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

ब्रश करताना बाळाचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन त्याला उताणं झोपवावं. तोंडातलं सगळं दिसतं आणि मानही स्थिर राहते. एका हाताच्या बोटानं ओठ बाजूला करायचा, दुसऱ्या हातानं मऊ ब्रश हिरडीच्या कडेवरून छोट्या गोलात फिरवायचा. बाळ रडलं, तर तेवढ्यात तोंड उघडं मिळतं. मायेनं, पण पुरं करावं. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मग सहापर्यंत वाटाण्याएवढी. पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेलं पाहून घे. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टांत ते निम्मंच असतं, काहींत नसतंच. मूल मोठं झालं की फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशला मोठ्या माणसाचा हात हवाच. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर डाग पडतात. तिथं पेस्ट दंतवैद्याला विचारूनच घ्यावी.

गावाकडे गेलीस की एक गोष्ट सांभाळ. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी केली, तरी घरी भाजलेली मिश्री कित्येक घरांत अजून आहे. कुणी मायेनं बाळाच्या हिरडीला लावायला आलं, तर मान राखून पण ठामपणे नाही म्हणावं.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एकेक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आईवडील तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी स्वस्थ बसतात. ती कायमची असते. तिच्या खोल चिरांवर दंतवैद्याकडून लेप भरून घेता येतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं. त्यांच्या यादीत दंतक्षय आहे, तेव्हा त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट व्हायला हवी होती. या महिन्यात जाऊन ये. ओठाखाली काय दिसलं ते मात्र उद्याच कळव.

तुझी,
आत्या