जुन्या पीसीची घरघर

कसबा पेठेत जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतायत. त्या मातीची, चुन्याची भुकटी आसपासच्या घरांत शिरते आणि कॉम्प्युटरचा पंखा ती दिवसभर आत ओढत राहतो. शेजारी देवघर असेल तर उदबत्तीच्या धुराने ती चिकटही होते. मग पीसी चालू करताच घरघर सुरू होते आणि मंडळी नवा पंखा आणायला निघतात. थांबा. पुष्कळदा पंखा धडधाकट असतो. उष्णता बाहेर पडत नाही म्हणून तो जिवाच्या आकांताने फिरत असतो.

साहित्य: स्क्रूड्रायव्हर, रंगाचा कोरडा नवा ब्रश, ब्लोअर, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती कापड.

आधी नुसतं ऐका. (गणेशोत्सवात हा उद्योग काढू नका, ढोल-ताशांपुढे पंख्याचं काय ऐकू येणार!) एकसारखा सूंऽऽ आवाज म्हणजे पंखा पूर्ण वेगात आहे, उष्णता साठली आहे. टकटक म्हणजे एखादी वायर पात्याला लागतेय. खरखर, तीही चालू करताना जास्त, म्हणजे बेअरिंग झिजलंय. आणि कॅबिनेटवर हात दाबताच आवाज थांबला, तर फक्त स्क्रू आवळा.

आता तापमान. पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. विंडोजमध्ये ‘कोअर टेम्प’सारखा प्रोग्राम चालतो. हलक्या कामात ४० ते ६० अंश ठीक, कामाच्या भरात ८०च्या आत असावं. पुण्याच्या एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा चार-पाच अंश जास्त दिसले तर घाबरू नका. पंख्याची हवा खोलीपेक्षा थंड कशी असणार?

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून थोडा वेळ चालवा. तापमान लक्षात येण्याइतकं उतरलं, तर हवा खेळत नाही. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा आणि मागे वीतभर जागा सोडा. काही फरक पडला नाही, तर दुखणं प्रोसेसरवरच्या हीटसिंकपाशी आहे.

पीसी बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. कॅबिनेट गॅलरीत न्या. ब्लोअर मारताना पात्यावर बोट ठेवाच. पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पंख्याखाली, हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो. तो ब्रशने सोडवा. निम्मे पीसी इथेच बरे होतात.

तरीही ताप उतरला नाही तर प्रोसेसर आणि कूलर (हीटसिंक व पंखा) यांच्यामधली पेस्ट वाळली आहे. इंटेलच्या जुन्या कूलरला चार खुंट्या असतात. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. एएमडीचा असेल तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच पिळून उचला, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. इंटेलच्या काही जुन्या कूलरच्या पोटात तांब्याचा गोल गट्टू दिसेल. तांब्यातून उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून अधिक सहज वाहते, हे तांबट आळीच्या शेजाऱ्यांना वेगळं काय सांगायचं! जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, मधोमध मुगाच्या दाण्याएवढी नवी ठेवा. बोटाने पसरू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते. खुंट्या मूळ जागी फिरवून, समोरासमोरच्या जोडीने, टक्‌ आवाज येईपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिली तर सगळं मुसळ केरात.

खरखर उरलीच तर पंख्याचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. हा उपाय तात्पुरताच. नवा पंखा घ्यायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाताना जुना बरोबर न्या. माप आणि कनेक्टरच्या तीन की चार पिना, दोन्ही जुळायला हवं.

आवाज एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पेटीतून येत असेल, तर मात्र ती पेटी उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. बाहेरून जाळी पुसा, तेवढ्याने भागलं नाही तर आख्खा एसएमपीएस बदला.