हिपॅटायटिस 'बी' : औषधोपचार आणि रक्ततपासणी

हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू सहा महिन्यांनंतरही रक्तात राहिल्यास रोग जुनाट समजला जातो. डोळे पिवळे होतातच असे नाही. म्हणून रोगाची वाटचाल रक्तावरूनच ओळखावी लागते.

'एस.जी.पी.टी.' हे विकर वाढले की यकृताच्या पेशींना इजा होत असल्याचे समजावे. 'एच.बी.व्ही. डी.एन.ए.' तपासणीत विषाणूंचे प्रमाण मोजले जाते. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची गोळी नियमित घेतल्यास ते बहुधा इतके घटते की अहवालात 'आढळला नाही' अशी नोंद येते. नेमका येथेच रुग्णाचा गैरसमज होतो व तो गोळी सोडून देतो. वस्तुतः औषधाने विषाणूची वाढ तेवढी रोखली जाते. पेशींच्या केंद्रकात त्याचे बीज दडून राहतेच. गोळी परस्पर थांबविल्यास रोग पुन्हा उसळतो, प्रसंगी प्राणावरही बेतते.

याहून महत्त्वाची खूण म्हणजे विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन, 'एच.बी.एस.ए.जी.'. हा शोधून काढणारे बारूख ब्लमबर्ग १९७६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. तो रक्तातून नाहीसा होणे हे उपचाराचे खरे यश. मात्र गोळ्यांनी ते फार थोड्यांनाच लाभते. बहुतेकांना औषध दीर्घकाळ घ्यावे लागते.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार २०१८ पासून नियुक्त शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तेथे जाताना मागील सर्व अहवाल तारीखवार लावून सोबत न्यावेत. एका अहवालावरून निर्णय करता येत नाही.