मनाची रोजनिशी : एका मोफत मोबाइल ॲपची घडण

पवार घराण्याच्या राजवटीमुळे अठराव्या शतकापासून धार व देवास येथे अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली. ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून हा भाग मध्य प्रदेशात आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी वा माळवी, असा व्यवहार तेथील मराठी कुटुंबांत आजही आढळतो. अशा कुटुंबांसाठी मनःस्थितीची नोंद ठेवणारे मोफत मोबाइल ॲप तयार करावयाचे झाल्यास पहिला प्रश्न यंत्राचा नसून भाषेचा असतो.

शब्दांची निवड

देवासच्या एखाद्या आजीबाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणणार नाहीत. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अन्न गोड लागत नाही’ असे त्या सांगतील. त्यांचा नातू हीच अवस्था एखाद्या हिंदी वा इंग्रजी शब्दाने व्यक्त करील. यास्तव परक्या यादीचे भाषांतर करण्यापूर्वी घराघरांतील बोलण्यातून शब्द गोळा करणे आणि स्वतःचा शब्द लिहिण्याची सोय ठेवणे अगत्याचे आहे.

भावांच्या वर्गीकरणाचा विचार या भूमीस नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायी, ३३ व्यभिचारी व ८ सात्त्विक असे ४९ भाव मोजले आहेत. अकराव्या शतकात धार येथे राज्य करणाऱ्या भोजराजाने ‘शृंगारप्रकाश’ ग्रंथात हे कप्पे पक्के मानले नाहीत; प्रसंगानुसार कोणताही भाव स्थायी वा संचारी होऊ शकतो, असे त्याचे मत होते. तो विचार काव्यशास्त्राचा होता. तथापि ॲप घडविणाऱ्यांनीही त्यातून बोध घ्यावा. एका दिवसाच्या उदासीवरून माणसावर कायमचा शिक्का मारणे योग्य नव्हे.

नोंदीची पद्धत

नोंद अर्ध्या मिनिटात व्हावी. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन अक्षांवर केली : सुखद-दुःखद आणि उत्तेजित-शांत. त्यानुसार प्रसन्नता व उत्साह यांना ० ते ५ गुण द्यावेत. सोबत झोपेचे तास व एक शब्द असावा. उदाहरणार्थ : ‘सोमवार, प्रसन्नता २, उत्साह १, झोप ४ तास, करमत नाही.’ अशा नोंदींतून अपुऱ्या झोपेनंतरचे दिवस जड जातात काय, हे ध्यानात येते. मात्र झोप मोडल्याने मन खिन्न झाले की खिन्नतेने झोप मोडली, हे केवळ आकड्यांवरून ठरत नाही.

दर पंधरवड्यास जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची स्वास्थ्य-प्रश्नावली देता येते. तिचे कमाल गुण २५ असतात. १३ पेक्षा कमी गुण आल्यास अधिक तपासणी हितावह ठरते. हे निदान नव्हे, केवळ सूचना होय. काहींना सतत नोंदी ठेवल्याने दुःखाचेच चिंतन वाढते. म्हणून एखादा दिवस चुकल्यास ॲपने टोचणी लावू नये.

मोफत म्हणजे काय ?

पैसे न घेता माहिती घेणारे ॲप खऱ्या अर्थाने मोफत नसते. जाहिरातदारांस मनाच्या नोंदी विकल्या गेल्यास मोठी किंमत वापरणाऱ्यालाच मोजावी लागते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय कायदा संमत झाला असून संमती आणि माहिती वापरण्याचा निश्चित हेतू यांवर त्याचा भर आहे. तथापि माहिती मुळात गोळाच न करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. नोंदी फोनमध्येच राहाव्यात, इंटरनेटविना ॲप चालावे व एका कळीने सर्व नोंदी पुसता याव्यात. अनेक घरांत एकच फोन तिघे-चौघे हाताळतात. म्हणून स्वतंत्र कुलूप असावे, आणि पडद्यावर येणाऱ्या सूचनेत मनाचा उल्लेख नसावा. सासरी नांदणाऱ्या एखाद्या सुनेच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही.

खर्चही आवाक्यातील आहे. गूगलच्या प्ले स्टोअरवर विकासकास एकदाच २५ डॉलर नोंदणी शुल्क पडते. ॲपची संहिता सर्वांस खुली ठेवल्यास ते काय करते हे जाणकारांस तपासता येते, आणि पहिला कर्ता थांबला तरी दुसऱ्यास काम पुढे नेता येते.

यंत्राची मर्यादा

‘जगणे नको वाटते’ अशी नोंद झाल्यास आलेख वा सुविचार दाखविणे अनुचित होय. त्याच क्षणी एका कळीने दूरध्वनी लागावा. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व विविध भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. या सेवेचे स्वतंत्र ॲपही १० ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाले. नव्या ॲपने या सेवेची जागा घेऊ नये, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवावी.

रोजनिशी आरशाप्रमाणे असते. आरसा चेहरा दाखवितो, औषध देत नाही. परंतु आपला चेहरा उतरला आहे हे वेळीच कळले, तर माणूस कोणाचे तरी दार ठोठावतो. ते दार ठोठावण्याइतके बळ मिळाले, तरी अशा ॲपचे प्रयोजन सफल झाले असे मानावे.