खोल पाण्यातील सोने

(इंग्लंडहून मुंबईला निघालेले एक जहाज १९२२ साली समुद्रात बुडाले. त्यातील सोने दहा वर्षांनी पाणबुड्यांनी वर काढले. हे काम कसे झाले आणि त्यासाठी काय किंमत द्यावी लागली, हे या पाठात सांगितले आहे.)

मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्यामध्ये कॉटन ग्रीन हे स्टेशन आहे. कॉटन म्हणजे कापूस. मुंबईचा कापूसबाजार पूर्वी कोट विभागात भरत असे. नंतर तो कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात या भागात आला. विदर्भ, खानदेश व गुजरातचा कापूस येथे येई. त्याच्या गाठी जवळच्या गोदीतून परदेशी जहाजांवर चढत. कापूस बाहेर जाई आणि त्याच्या मोबदल्यात परदेशातून सोने-चांदी मुंबईला येई.

असेच सोने घेऊन 'इजिप्त' नावाची आगबोट मे १९२२ मध्ये लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईकडे निघाली. तिच्यावर तीनशेहून अधिक माणसे होती. खलाशांमध्ये आपल्या देशाचे लोकही पुष्कळ होते. खालच्या एका मजबूत खोलीत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी कुलूपबंद होते.

२० मे रोजी संध्याकाळी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुके पडले. धुक्यातून 'सेन' नावाचे फ्रेंच मालवाहू जहाज आले आणि 'इजिप्त'ला जोराने धडकले. वीस मिनिटांच्या आत 'इजिप्त' बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक खलाशी होते.

विमा कंपन्यांनी सोन्याची भरपाई केली. पण सोने समुद्राच्या तळाशीच राहिले. जहाज नेमके कोठे आहे, हेही कोणाला ठाऊक नव्हते. काहींनी शोध घेतला. पण त्यांना यश आले नाही.

पुढे इटलीतील एका कंपनीने हे काम हाती घेतले. तिच्या जहाजाचे नाव 'आर्तिल्यो' होते. मुख्य पाणबुड्या आल्बेर्तो ज्यान्नी हा फार कल्पक होता. दोन जहाजांमध्ये लांब तारदोर बांधून तो समुद्राच्या तळावरून ओढत नेत. दोर कशात अडकला, की तेथे पाणबुड्या उतरून पाहत असे. कधी खडक निघे, तर कधी दुसरेच बुडालेले जहाज. शेवटी ऑगस्ट १९३० मध्ये 'इजिप्त' सापडली. कप्तानाची तिजोरी वर काढल्यावर तर कोणाला शंका उरली नाही.

जहाज सुमारे १३० मीटर खोल होते. एवढ्या खोलीवर काम करणे कठीण का असते? पाण्यात दर दहा मीटर खाली गेले, की हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. १३० मीटरवर हा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे चौदा पट होतो. साध्या पोशाखातील पाणबुड्याला तेवढ्याच दाबाची हवा घ्यावी लागते. अशा हवेतील नायट्रोजनमुळे त्याला गुंगी येते. तो घाईने वर आला, तर रक्तात त्या वायूचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात आणि जीवही जातो. शिवाय तळाशी पाणी थंडगार असते आणि प्रकाश अंधूक असतो.

ज्यान्नीने यावर एक उपाय शोधला. त्याने लोखंडी नळकांड्यासारखी एक उंच, अरुंद कोठी तयार केली. तिच्या वरच्या भागाला सभोवार जाड काचेच्या लहान खिडक्या होत्या. पाणबुड्या आत शिरला, की झाकण घट्ट बंद करीत आणि कोठी दोराने खाली सोडीत. आत हवेचा दाब जमिनीवर असतो तेवढाच राही. म्हणून गुंगी येत नसे आणि वर येताना धोकाही नसे. पाणबुड्याजवळ टेलिफोन असे.

पण या कोठीला हात नव्हते. आतला माणूस फक्त पाहू शके. काम करणारा मोठा लोखंडी पंजा वरच्या जहाजाच्या दोराला टांगलेला असे. पाणबुड्या टेलिफोनवरून सांगे, "थोडे डावीकडे... आता खाली... थांबा!" वरचे लोक काहीही न पाहता त्याच्या शब्दावर दोर हलवीत. डोळे खाली आणि हात वर, असे ते काम होते. दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास असल्याशिवाय ते होणे शक्य नव्हते.

हिवाळ्यात समुद्र खवळला, म्हणून 'इजिप्त'चे काम थांबले. त्या काळात 'आर्तिल्यो'ने दुसरे काम घेतले. पहिल्या महायुद्धात बुडालेले, दारूगोळ्याने भरलेले एक जहाज सुरुंगाने फोडायचे होते. इतकी वर्षे पाण्यात राहून दारूगोळा निकामी झाला असेल, असे सर्वांना वाटले. ७ डिसेंबर १९३० रोजी त्यांनी सुरुंग उडवला. पण 'आर्तिल्यो' पुरेसे दूर नव्हते. पाण्याखालचा सारा दारूगोळा एकदम फुटला. 'आर्तिल्यो' बुडाले आणि ज्यान्नीसह बारा जण ठार झाले.

उरलेल्या साथीदारांनी धीर सोडला नाही. नवे जहाज घेऊन ते पुन्हा आले. त्यांनी सुरुंग लावून 'इजिप्त'चे एकेक मजले उघडले. सोन्याआधी पंज्यातून भलत्याच वस्तू वर आल्या. त्यांत हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या नोटांची बंडलेही होती. त्या संस्थानाच्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नड अक्षरेही असत. अखेर जून १९३२ मध्ये सोने वर आले. पुढील काही वर्षांत जवळजवळ सारा खजिना बाहेर निघाला. ज्यान्नीने बनवलेली कोठी उपयोगी पडली. पण ते पाहायला तो राहिला नव्हता.

मुंबईलाही असा कडू अनुभव पुढे आला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. मोठे स्फोट झाले. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या जहाजातील सोन्याच्या विटा गोदीतला गाळ काढताना पुढे अनेक वर्षे सापडत राहिल्या.

बुडालेले सोने दहा वर्षांनीही वर काढता येते. त्याची भरपाईही होते. गेलेला माणूस मात्र परत येत नाही. म्हणून धाडसाबरोबर सावधगिरी हवी, हे ज्यान्नी आणि त्याचे साथीदार आपल्याला शिकवून गेले.

शब्दार्थ
मोबदला – बदल्यात मिळालेली वस्तू
पाणबुड्या – पाण्याखाली जाऊन काम करणारा माणूस
सुरुंग – खडक वगैरे फोडण्यासाठी लावलेली दारू
गुंगी – अर्धवट बेशुद्धी
निकामी – उपयोगाचा न राहिलेला

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'इजिप्त' जहाज कोठे निघाले होते?
(आ) बुडालेले जहाज 'इजिप्त'च आहे, याची खात्री कशामुळे झाली?
२. कारणे लिहा.
(अ) लोखंडी कोठीतील पाणबुड्याला गुंगी येत नसे.
(आ) 'आर्तिल्यो' जहाज बुडाले.
३. 'डोळे खाली आणि हात वर' असे लेखकाने का म्हटले आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
४. जहाज, खजिना, हवा, किनारा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.