गिअर बॉक्स : दुरुस्त करावा की बदलावा?

बैलगाडीचे चाक खिळखिळे झाले, की आपण सुताराकडे नेतो. सुतार चाक फिरवून पाहतो. एक-दोन आरे गेले असतील तर तेवढे बदलतो. तुंबाच फुटला असेल तर म्हणतो, "आता नवे चाक करा." चाक पाहिल्याशिवाय तो काही बोलत नाही.

आता पुष्कळ गावांत पिकअप गाड्या आल्या आहेत. जुन्नर, नारायणगावच्या बाजूला टोमॅटोचे क्रेट पिकअपमध्ये भरून बाजाराला जातात. अशा गाडीचा गिअर बॉक्स बिघडला म्हणजे मालकाला घोर लागतो. एक जण म्हणतो, "दुरुस्त करा." दुसरा म्हणतो, "जुना मिळतो, तो बसवा." तिसरा म्हणतो, "नवाच घ्या." कोणाचे ऐकावे?

गिअर बॉक्स काय करतो?

रसवंतीचा चरक तुम्ही पाहिला आहे. त्याला दातांची चाके असतात. लहान चाक मोठ्या चाकाला फिरवते. मोठे चाक हळू फिरते, पण त्याला जोर फार असतो. गिअर बॉक्समध्ये अशीच चाके असतात. चढावर जोर पाहिजे, म्हणून आपण खालचा गिअर टाकतो. सपाटीला वेग पाहिजे, म्हणून वरचा टाकतो. ही चाके तेलात फिरतात. तेल गळून गेले की दात आणि बेअरिंग झिजतात.

उताराला गिअरचे आणखी एक काम असते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते. माळशेज घाट उतरताना गिअर आपोआप सुटला, तर भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. म्हणून गिअर सुटत असेल, तर भाड्याच्या लोभाने गाडी घाटात नेऊ नका. गाडीचे नुकसान भरून निघते, माणूस परत येत नाही.

आधी दुखणे ओळखा

एका गाडीमालकाचे आणि मिस्त्रीचे बोलणे ऐका.

"मिस्त्री, गिअर बॉक्स गेला बघा. घरघर आवाज येतोय."

"थांबा आबा. गाडी चालू करा. गिअर काढा. क्लचवरचा पाय उचला. येतोय आवाज?"

"येतोय की."

"आता क्लच दाबा."

"थांबला!"

"मग बॉक्समधलं बेअरिंग गेलं असणार. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर दोष क्लचच्या बेअरिंगचा म्हटला असता. उगाच बॉक्स खोलावा लागला नसता."

"आणि गिअर टाकताना करकर वाजतो, ते?"

"क्लच पुरता सुटत नसेल, तरी वाजतो. ते आधी बघू. तिथं ठीक असेल, तर आतल्या पितळी रिंगा झिजल्या असतील. तेल काढून बघू. तेलात पिवळी चमक दिसली तर रिंगा. लोखंडाचे तुकडे निघाले तर दात नाहीतर बेअरिंग."

"म्हणजे खर्च किती?"

"खोलल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस एकतर देव असतो, नाहीतर लबाड."

तीन वाटा

पहिली वाट दुरुस्तीची. बेअरिंग, ऑइल सील, रिंगा एवढेच गेले असेल, तर दुरुस्ती चांगली. बॉक्स खोललाच आहे, तर सगळी बेअरिंगे आणि सील नवी घाला. दाते गेले असतील, तर एकमेकांत फिरणारी दोन्ही चाके जोडीने बदला. जुन्या झिजल्या चाकाशी नवे चाक नीट बसत नाही.

दुसरी वाट जुन्या बॉक्सची. मुंबईत कुर्ल्याला जुन्या भागांचा मोठा बाजार आहे. बॉक्स आपल्याच मॉडेलचा आहे का, ते पाहा. हाताने फिरवा. सगळे गिअर पडतात का, ते पाहा. आतले तेल पाहा. पावती घ्या. बिघडला तर किती दिवसांत बदलून देणार, ते पावतीवर लिहून घ्या.

तिसरी वाट नव्याची. बॉक्सचे बाहेरचे कवच फुटले, किंवा आतली बरीच चाके आणि दांडे एकदम गेले, तर दुरुस्तीत पैसा घालू नका. मग बॉक्स बदला.

कोणतीही वाट धरा, बॉक्स खाली उतरला आहे तोवर क्लच प्लेट आणि क्लचचे बेअरिंगही पाहून घ्या. नाहीतर पुन्हा तीच मजुरी पडेल.

हिशेब मांडा

हे आकडे हिशेब शिकण्यापुरते आहेत. आपल्या गावचे आकडे विचारून घाला. गाडी उभी राहिली की रोज 1,500 रुपये बुडतात, असे समजा.

दुरुस्ती : भाग 18,000, मजुरी 8,000, तेल 1,000. गाडी 6 दिवस उभी, बूड 9,000. एकूण 36,000 रुपये.

जुना बॉक्स : बॉक्स 22,000, मजुरी 5,000, तेल 1,000. 2 दिवस उभी, बूड 3,000. एकूण 31,000 रुपये.

नवा बॉक्स : बॉक्स 70,000, मजुरी 5,000, तेल 1,000. 2 दिवस उभी, बूड 3,000. एकूण 79,000 रुपये.

जुना सर्वांत स्वस्त दिसतो. पण त्याच्या पोटात काय आहे, ते कोणी पाहिले नाही. तो लवकर बिघडला तर मजुरी पुन्हा, बूडही पुन्हा.

आता गाडीकडे पाहा. सांगाडा गंजला आहे का? इंजिन धूर टाकते का? समजा, गाडी आणखी 3 वर्षेच ठेवायची आहे. दुरुस्ती तेवढी टिकली, तर वर्षाला 12,000 रुपये पडले. नवा बॉक्स वर्षाला 26,000 च्या वर पडला. गाडी चांगली असेल आणि 8-10 वर्षे ठेवायची असेल, तर नव्याचा विचार करता येतो.

कागद वाचा, मग सही करा

मिस्त्रीकडून खर्चाचा कागद घ्या. कोणता भाग, किती रुपये, किती मजुरी, किती दिवस, सगळे त्यावर असावे. बदललेले जुने भाग परत मागा. तोंडी बोलणे दोघेही विसरतात, कागद विसरत नाही. तुम्हाला आता वाचता येते. कागद वाचल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.

सांगा पाहू

1. क्लच दाबल्यावर आवाज थांबला, तर दोष कुठे असेल?
2. गिअर सुटत असेल तर घाटात का जाऊ नये?
3. गाडी रोज 2,000 रुपये कमावते. ती 6 दिवस उभी राहिली, तर किती बूड येईल?
4. तुमच्या गावातल्या गाडीमालकाला विचारून वरील तिन्ही हिशेब पाटीवर मांडा.