गुणाकर मुळे : अक्षरांचा आणि अंकांचा इतिहासकार

हिंदी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर या लेखकाचे नाव ‘गुणाकर मुले’ असे छापलेले असते. हिंदीच्या नित्य व्यवहारात ‘ळ’ हे अक्षर नाही. त्यामुळे विदर्भातील एका खेड्यात जन्मलेले मुळे हिंदीत गेले आणि ‘मुले’ झाले. मराठी वाचक ते नाव प्रथम पाहतो तेव्हा हे पुस्तक मुलांसाठी असावे असा त्याचा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. तो समज सर्वस्वी चुकीचाही नाही, कारण किशोरवयीन वाचकांसाठी मुळे यांनी विपुल लेखन केले आहे. प्रस्तुत लेखक ज्या शहरात राहतो त्या बंगळूरच्या नावातही हाच ‘ळ’ आहे. कन्नड माणूस तो स्वच्छ उच्चारतो आणि उत्तरेकडून आलेला पाहुणा त्याचा ‘ल’ करतो. ऋग्वेदात आढळणारे, अभिजात संस्कृतात मागे पडलेले आणि मराठी, कन्नड, गुजराती, ओडिया अशा भाषांनी आजही सांभाळलेले हे अक्षर आहे. अक्षरांच्या अशाच प्रवासाचा मागोवा घेण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या स्वतःच्याच आडनावातील अक्षर वाटेत गळून पडावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

गुणाकर मुळे यांचा जन्म ३ जानेवारी १९३५ रोजी अमरावती जिल्ह्यातील सिंदी बुजरुक या गावी झाला. आरंभीचे शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. पुढे अलाहाबाद विद्यापीठातून गणित हा विषय घेऊन त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. त्यानंतर पोटासाठी नोकरीचा मार्ग न धरता त्यांनी स्वतंत्र लेखनाचाच व्यवसाय पत्करला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये निधन होईपर्यंत तो सोडला नाही. सुमारे पस्तीस स्वतंत्र ग्रंथ, हिंदीत तीन हजारांहून अधिक लेख, इंग्रजीत सुमारे अडीचशे लेख आणि शिवाय डझनभर ग्रंथांचे हिंदी अनुवाद, असा हा पसारा आहे. तीन हजार लेख हा आकडा केवळ कौतुकाने वाचून पुढे जाण्यासारखा नाही. विज्ञानाच्या इतिहासावर हिंदीत लिहून घर चालवावयाचे तर मासिकामागून मासिकाला आणि दैनिकामागून दैनिकाला मजकूर पुरवावा लागतो. संदर्भग्रंथ स्वतःच्या खर्चाने मिळवावे लागतात. विद्यापीठाचे ग्रंथालय, प्रवासखर्च, निवृत्तिवेतन यांपैकी कशाचाही आधार नसतो. इतक्या लेखनात काही पुनरावृत्ती येणे अपरिहार्य होते. तो त्या व्यवसायाचा दोष मानावा, लेखकाचा नव्हे, असे मला वाटते.

मराठी मातृभाषा असलेल्या माणसाने हिंदीचा संसार उभा करावा, ही गोष्ट नवी नाही. माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू केले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. बाबूराव विष्णु पराडकर यांनी काशीच्या ‘आज’ या दैनिकातून हिंदी वृत्तपत्रीय गद्याला वळण लावले. गजानन माधव मुक्तिबोध यांची कविता हिंदीत अढळ आहे. पण त्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या भारताच्या इतिहासाच्या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने १९६२ साली बंदी घातली होती, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. इतिहास लिहिणे हे निरुपद्रवी काम नव्हे, एवढे त्यावरून कळते. मुळे याच परंपरेतले. मात्र त्यांनी निवडलेले क्षेत्र अधिक ओसाड होते. लिपिशास्त्र, मुद्राशास्त्र, गणिताचा इतिहास, ज्योतिषाचा इतिहास हे विषय तोवर बहुधा इंग्रजीत आणि तेही तज्ज्ञांपुरते लिहिले जात. ते त्यांनी माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेल्या वाचकाच्या हाती दिले. ‘भारतीय लिपियों की कहानी’, ‘अक्षर कथा’, ‘भारतीय अंकपद्धति की कहानी’, ‘आकाश दर्शन’, ‘संसार के महान गणितज्ञ’ ही नुसती शीर्षके पाहिली तरी या कार्याची व्याप्ती ध्यानात येते.

या विषयांत सामान्य वाचकाला रस का वाटावा, हे समजण्यासाठी कर्नाटकातलेच एक उदाहरण घेऊ. चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी, सिद्दापूर आणि जटिंग-रामेश्वर या तीन ठिकाणी अशोकाचे लघुशिलालेख आहेत. बी. एल. राइस यांनी ते १८९२ साली उजेडात आणले. लेखांची भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. अखेरीस मात्र ते खोदणाऱ्या चपड नावाच्या लेखकाने आपले नाव नोंदविले आहे आणि ‘लिपिकाराने’ या अर्थाचा शब्द ब्राह्मीत न लिहिता खरोष्ठीत, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिला आहे. खरोष्ठी ही वायव्य सरहद्दीकडची लिपी. ती जाणणारा हा माणूस इतक्या दक्षिणेला आला होता, आणि वाचणारे कोणी नसतानाही आपली विद्या एका शब्दापुरती दाखविण्याचा मोह त्याला आवरला नाही! साम्राज्याच्या विस्ताराविषयी पानेच्या पाने वाचून जे मनावर ठसत नाही, ते या एका शब्दाने ठसते. लिपीचा इतिहास म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याचा इतिहास होय, ही दृष्टी असल्यावाचून मुळे यांच्या लिपिविषयक ग्रंथांचे मर्म कळणार नाही.

अंकांचेही तसेच. आज आपण ज्यांना ‘इंग्रजी आकडे’ म्हणतो ते मूळचे भारतीय. अरबांच्या मार्फत ते युरोपात गेले आणि रूप पालटून परत आले. आपल्या संविधानाच्या ३४३व्या अनुच्छेदात त्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे, ते याच कारणाने. परंतु ही दशमान स्थानमूल्य पद्धती एका रात्रीत सिद्ध झालेली नाही. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात अंक आहेत, पण दहा, शंभर, हजार यांना तेथे निराळी चिन्हे आहेत, शून्य नाही. ग्वाल्हेरच्या इ. स. ८७६च्या लेखात मात्र शून्य स्पष्ट दिसते. या दोहोंच्या मधल्या काळात आर्यभट उभा आहे.

आर्यभटाने श्लोकात संख्या बसविण्यासाठी अक्षरांची एक युक्ती योजली. ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या पंचवीस अक्षरांना एक ते पंचवीस ही मूल्ये, पुढे ‘य’ म्हणजे तीस, ‘र’ म्हणजे चाळीस, असे ‘ह’ म्हणजे शंभरपर्यंत. स्वर हे गुणक : ‘अ’ला एक, ‘इ’ला शंभर, ‘उ’ला दहा हजार, ‘ऋ’ला दहा लक्ष. आता ‘ख्युघृ’ हा शब्द वाचावा. ‘ख’ दोन आणि ‘य’ तीस मिळून बत्तीस; त्यांना ‘उ’ जोडलेला असल्याने तीन लक्ष वीस हजार. ‘घ’ चार, त्याला ‘ऋ’, म्हणून चाळीस लक्ष. एकूण ४३,२०,०००, म्हणजे एका महायुगाची वर्षे. या युक्तीत शून्याचे चिन्ह नाही हे खरे; पण त्याच ग्रंथात वर्गमूळ व घनमूळ काढण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्या स्थानमूल्याच्या कल्पनेवाचून सांगताच येत नाहीत. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच बोलावे, कमी नाही आणि अधिकही नाही, अशी शिस्त या विषयात पाळावी लागते ती अशी.

ही शिस्त मुळे यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच पाळली आहे. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘आर्यभट’ आहे, ‘आर्यभट्ट’ नव्हे. भट म्हणजे योद्धा, भट्ट म्हणजे पंडित ब्राह्मण. वर्तमानपत्रे हटकून दुसरे रूप छापतात. ‘आर्यभटीय’ ग्रंथातील छंद पाहिला तर ‘ट’ एकेरीच असला पाहिजे, हे सिद्ध होते. बंगळूरकरांना या नावाचे अगत्य असावयास हवे. पीण्या औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये तयार झालेला ३६० किलोग्रॅम वजनाचा भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून अंतराळात गेला, तो याच नावाने. पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे इ. स. ४९९च्या सुमारास सांगणाऱ्या आणि त्यासाठी पुढे ब्रह्मगुप्ताची कठोर टीका ओढवून घेणाऱ्या माणसाचे नाव उपग्रहाला देणे औचित्याचेच होते. ही टीका परकीयांनी केली नाही, आपल्याच परंपरेने केली. पृथ्वी फिरत असेल तर पाखरे घरट्याकडे परत कशी येतात, असे आक्षेप आपल्याच ज्योतिष्यांनी घेतले. परंपरा म्हणजे एका आवाजात बोलणारा समुदाय, असे ज्यांना वाटते त्यांनी हा वाद अवश्य वाचावा.

दुसरे उदाहरण भास्कराचार्यांचे. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४चा, हे त्यांनीच सांगितले आहे. गाव मात्र ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे, आणि ते कोठले याविषयी वाद आहे. कोणी ते विजापूर मानतात, कोणी चाळीसगावजवळ पाटणच्या परिसरात शोधतात. पाटणच्या मंदिरातील १२०७चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. नातवाचा मठ तेथे होता, एवढ्यावरून आजोबांचा जन्म तेथे झाला असे ठरत नाही. विजापूरच्या पक्षाला तर नामसादृश्याखेरीज फारसा आधार नाही. दोन राज्यांच्या सीमेवर ज्यांचे आयुष्य गेले अशा माझ्यासारख्याला या वादात भाषिक अभिमान किती सहज शिरतो, हे पुरते ठाऊक आहे. भाऊ दाजींनी दक्षिणेतून आर्यभटीयाच्या पोथ्या मिळवल्या त्या १८६४ साली. त्या वेळी त्यांना मल्याळी लिपीचा अडसर वाटला नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६चा. तो हिंदीत गेला आणि उत्तरेकडील अभ्यासकांचा आधार झाला. मुळे यांच्या ग्रंथांचे मराठीत येणे म्हणजे त्या ऋणाची उशिरा झालेली फेड होय. मराठी विज्ञान परिषदेने त्यांच्या विज्ञानलेखनाचा गौरव केला होता. मराठी वाचकांपर्यंत मात्र ते फारसे पोहोचले नाहीत, हे मान्य करावयास हवे.

आता अनुवादाविषयी थोडे. मराठी मनाने लिहिलेले हिंदी मराठीत आणणे सोपे, असे मीही समजत होतो. पहिल्या खर्ड्यात तो भ्रम फिटला. ‘संसार के महान गणितज्ञ’ या शीर्षकातला संसार म्हणजे जग. मराठीत तो घरचा प्रपंच होतो. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडची दंड. अशा शब्दांपासून माणूस सावध असतो. फसतो तो शास्त्रीय परिभाषेत. हिंदीत ‘परमाणु’ म्हणजे मूलद्रव्याचा सूक्ष्मतम कण आणि ‘अणु’ म्हणजे अशा कणांचा गट. मराठीत पहिल्याला अणू म्हणतात आणि दुसऱ्याला रेणू. हिंदीतला ‘अणु’ जसाच्या तसा ठेवून मी तीन प्रकरणे उलटी करून बसलो होतो; पाण्याच्या एका ‘अणू’त हायड्रोजनचे दोन ‘परमाणू’ असे वाक्य हस्तलिखितात तसेच राहिले होते. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्याने ते हसत दाखवून दिले. त्यानंतर सारे हस्तलिखित पुन्हा पहिल्या पानापासून तपासावे लागले. ‘आपेक्षिकता’ची ‘सापेक्षता’ आणि ‘मंदाकिनी’ची ‘दीर्घिका’ याच फेरीत झाली. लेखकाचे आडनाव मात्र पहिल्या खर्ड्यापासूनच ‘ळ’ने लिहिले होते.