विलायती गाडीची काळी पाटी चालेल का?

प्रश्न : काकांनी इंग्लंडहून 1968 सालची मॉरिस मायनर रीतसर सीमाशुल्क भरून आणली. काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरांत तिकडचाच नंबर आहे. जुन्या गाडीला तो चालतो, असं गावात म्हणतात. खरं का?
– एक वाचक, कोहिनूर, ता. बसवकल्याण

उत्तर : नाही. गाडी कितीही जुनी असली तरी इथली नोंदणी लागतेच. पण काळजी नको, वाट सोपी आहे.

जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, आयात केलेल्यांनाही. अट एकच : गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेत, तर हा दर्जा मिळणार नाही. म्हणून गॅरेजवाल्याला आधीच बजावून ठेवा.

नमुना 20 मधला अर्ज, विमा आणि सीमाशुल्काचं 'बिल ऑफ एंट्री' जोडा. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. नंबर 'केए व्हीए'ने सुरू होईल. पुढे दोन अक्षरं, चार आकडे. पाटी उच्च सुरक्षा प्रकारचीच.

मात्र ही गाडी रोज बाजाराला नेता येणार नाही, भाड्यानेही देता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढा.

विलायती पाटी काढून घरात हौसेनं लावा. त्याला कुणाची हरकत नाही.